मागच्या चाकातून घरघर येते आहे? फोर-बाय-फोर गाडीचे बेअरिंग बदलण्यापूर्वी हे वाचा

गाडीने साठचा वेग धरला की मागून घरघर सुरू होते. एक मेकॅनिक टायरवर बोट ठेवतो, दुसरा बेअरिंग गेले म्हणतो, तिसरा डिफरन्शियल उघडायला निघतो. चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्यांच्या मालकांना ही परिस्थिती ओळखीची आहे. दोन-तीन दुरुस्त्यांचे पैसे मोजूनही आवाज जिथल्या तिथे, ही तक्रारही नेहमीचीच.

बेज्जूरसारख्या ठिकाणी हा प्रश्न जास्त अडचणीचा होतो. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले आणि ११ ऑक्टोबर २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलेले हे मंडल जंगलाचे आणि नाल्यांचे आहे. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन झालेली प्राणहिता या भागातून वाहते, पलीकडच्या काठावर गडचिरोली जिल्हा लागतो. पावसाळ्यात नाल्यांवरून पाणी जाते, चिखल महिनोन्‌महिने चाकांना सोडत नाही, आणि मोठ्या दुरुस्तीसाठी कागजनगर, मंचेरियल किंवा चंद्रपूर गाठावे लागते. चुकीचा भाग आणला तर पैसा आणि दिवस दोन्ही वाया जातात. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी दोन गोष्टी पक्क्या करा: आवाज बेअरिंगचाच आहे का, आणि तुमच्या गाडीचा मागचा धुरा कोणत्या प्रकारचा आहे.

आधी निदान, मग दुरुस्ती

खराब बेअरिंगचा आवाज दूरवर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीसारखा सलग असतो आणि वेगाबरोबर वाढतो. इंजिनच्या फेऱ्यांशी त्याचा संबंध नसतो. मोकळ्या सरळ रस्त्यावर पुढील चाचण्या करा:

- क्लच दाबून पाहा. गाडी वेगात असताना क्लच दाबला आणि आवाज तसाच राहिला, तर दोष इंजिनात नाही, चाकांच्या बाजूला आहे. ॲक्सिलरेटर दाबताना एक आवाज आणि सोडताना दुसरा, असे होत असेल तर डिफरन्शियलवर संशय घ्या.
- हलके वळण द्या. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळी आवाज वाढला तर बहुधा उजवे बेअरिंग दोषी असते. उजवीकडे वळताना वाढला तर डावे. ही खूण दर वेळी खरी ठरतेच असे नाही, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नका.
- टायर तपासा. टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवा. चढउतार लागले, तर मागची चाके पुढे आणि पुढची मागे लावून गाडी चालवून बघा. आवाजही पुढे गेला तर दोष टायरचा.
- प्रॉपेलर शाफ्ट विसरू नका. मधले सेंटर बेअरिंग आणि जॉइंट क्रॉस यांचाही आवाज मागूनच आल्यासारखा वाटतो.

यानंतर चाक उचलून तपासणी. जमीन सपाट आणि टणक हवी. उरलेल्या चाकांना पुढून-मागून ओट लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा आणि जॅकबरोबर स्टँडही लावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. चाक वर-खाली धरून हलवा. खटखट जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर प्ले बेअरिंगमध्ये आहे. तरीही राहिली तर सस्पेन्शनचे बुश किंवा जॉइंट बघावे लागतील.

स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत एक हात स्प्रिंगवर ठेवून चाक हाताने फिरवा. बेअरिंग खरखरीत झाले असेल तर ती थरथर स्प्रिंगमध्ये बोटांना जाणवते. एक चाक उचललेले असताना इंजिन चालू करून गिअर मात्र कधीही टाकू नका. बाकीची चाके जमिनीवर आहेत, त्यांना ताकद मिळाली तर गाडी जॅकवरून उडी घेईल.

गाडी चालवायची की उभी करायची?

आवाज बारीक आहे, प्ले नाही, हब तापत नाही, अशा स्थितीत गाडी सावकाश आणि रिकामी गॅरेजपर्यंत नेता येते. पण खालीलपैकी एक जरी खूण दिसली तर ती जागेवरून हलवू नका:

- चाकात स्पष्ट प्ले
- थोड्या अंतरानंतर एकाच चाकाच्या मध्यभागी जाणवणारी जास्तीची उष्णता किंवा जळका वास
- कडकड, किंवा धातूवर धातू घासल्याचा आवाज
- आवाजासोबत एबीएसचा दिवा लागणे, किंवा ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल जाणे

शेवटच्या खुणेमागे कारण आहे. बेअरिंग ढिले झाले की डिस्क डगमगते, ब्रेक पॅड मागे ढकलले जातात आणि ऐन वेळी पेडल खोल जाते. सलग धुऱ्याच्या, म्हणजे मागची दोन्ही चाके एकाच अखंड हाऊसिंगने जोडलेल्या, अनेक गाड्यांत धोका आणखी मोठा असतो. तिथे बेअरिंगमागची कॉलर निसटली तर चाकासकट ॲक्सल बाहेर येऊ शकतो.

गाडी ओढून न्यायची वेळ आली तर सपाट ट्रकवर चढवून न्या. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीची दोन चाके उचलून उरलेली दोन रस्त्यावर फिरत ठेवली तर कपलिंग आणि ट्रान्सफर केस बिघडू शकतात. हाताने ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये टाकता येणाऱ्या गाड्यांसाठी नियम वेगळा असू शकतो. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत तो दिलेला असतो.

तुमच्या गाडीचा धुरा कोणता?

सारा गोंधळ इथे होतो. 'मागचे बेअरिंग' या एकाच नावाखाली तीन निराळी कामे येतात.

१. सलग धुरा. जिप्सी, जिम्नी, थार, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर यांच्या मागे दोन्ही चाकांना जोडणारे अखंड हाऊसिंग असते. अशा धुऱ्यात बेअरिंग सहसा ॲक्सलच्या दांड्यावर दाबून बसवलेले असते आणि आतल्या तेलासाठी ऑइल सील असते.

२. स्वतंत्र सस्पेन्शन, दाबून बसवलेले बेअरिंग. बेअरिंग नकलच्या (सस्पेन्शनच्या ज्या भागावर चाक बसते त्याच्या) भोकात घट्ट बसते, सर्क्लिप त्याला अडवते, आणि हबमधून ड्राइव्ह शाफ्ट जातो. प्रेसशिवाय हे काम नीट होत नाही.

३. स्वतंत्र सस्पेन्शन, बोल्टने बसणारा हब. बेअरिंग आणि हब एकसंध येतात. भाग महाग, पण काम सोपे आणि प्रेसची गरज नाही.

एकाच नावाच्या गाडीतही फरक असतो. रेनो डस्टरची ऑल-व्हील-ड्राइव्ह आवृत्ती भारतात २०१४ मध्ये आली. साध्या डस्टरला मागे टॉर्शन बीम होता, तर या आवृत्तीला स्वतंत्र मल्टि-लिंक सस्पेन्शन. दोन्हींचे मागचे भाग एकमेकांच्या जागी चालतील असे गृहीत धरू नका. महिंद्रा एक्सयूव्ही५०० मध्ये दोन्ही आवृत्त्यांचे मागचे सस्पेन्शन स्वतंत्रच, त्यामुळे वरवर पाहून फरक कळत नाही. खाली वाकून बघा: चाकाकडे जाणारा ड्राइव्ह शाफ्ट आणि त्यावरचा रबरी बूट दिसला, तर आतून खाचा असलेला हब लागेल. साध्या आवृत्तीच्या हबमध्ये त्या खाचा नसतात आणि तो या गाडीला बसणार नाही.

काम कुठे करून घ्यायचे?

- अधिकृत सर्व्हिस सेंटर. गाडी वॉरंटीत असेल तर पहिली पसंती हीच. जाण्यापूर्वी चासी क्रमांक देऊन भाग हजर आहे का ते फोनवर विचारा.
- ओळखीचे खासगी गॅरेज. दोन प्रश्न आधी विचारा: हायड्रॉलिक प्रेस आहे का, आणि टॉर्क रेंच आहे का? एकाचेही उत्तर 'नाही' आले तर नकलमध्ये दाबून बसवलेले बेअरिंग तिथे बदलू नका.
- अर्धे काम गावात, अर्धे प्रेसवर. गावातल्या मेकॅनिकने नकल किंवा ॲक्सल काढायचा, तो प्रेस असलेल्या लेथ वर्कशॉपात न्यायचा, बेअरिंग बदलून आणून पुन्हा बसवायचा. गाडी ओढून न्यावी लागत नाही. बेज्जूरच्या परिसरातून कागजनगरला, किंवा गुडेम-वांगेपल्लीच्या पुलावरून अहेरीला जाणाऱ्यांना हा मार्ग सोयीचा पडू शकतो. निघण्यापूर्वी प्रेस चालू आहे का आणि कारागीर हजर आहे का, याची खात्री करा.

भाग घेताना

बेअरिंग गाडीच्या नावावर मागू नका. चासी क्रमांकावरून कंपनीचा भाग क्रमांक काढा, किंवा जुन्या बेअरिंगवर कोरलेला क्रमांक वाचून घ्या. एसकेएफ, एफएजी, टिमकेन, एनएसके, कोयो आणि जयपूरची एनबीसी ही बाजारातली भरवशाची नावे आहेत. त्यांच्याच नावाने नकली मालही विकला जातो. पुसट छपाई, विसंगत क्रमांक, उघडलेले पाकीट आणि अवाजवी स्वस्त भाव दिसला तर माल परत करा. एसकेएफ आणि एफएजी या दोन्ही मालांची अस्सलता तपासण्यासाठी कंपन्यांची मोबाइल ॲप आहेत.

सोबत घ्यायच्या वस्तू कागदावर लिहून न्या: नवे ॲक्सल नट, नवी सर्क्लिप, ऑइल सील, सलग धुऱ्यासाठी नवी कॉलर आणि डिफरन्शियल तेल. या किरकोळ वस्तू राहून गेल्या तर जुन्याच वापरायचा मोह होतो आणि काही महिन्यांत काम पुन्हा निघते.

दोन्ही बाजूंची बेअरिंग जोडीनेच बदलावीत असा नियम नाही. दोन्ही चाके सारख्याच पाण्यातून गेलेली असतात, म्हणून दुसरी बाजू तपासा; ती निकोप असेल तर तिला हात लावू नका.

स्वतंत्र सस्पेन्शन: कामाचे टप्पे

काम तुम्ही स्वतः करा किंवा मेकॅनिककडून करून घ्या, हा क्रम माहीत असू द्या.

१. चाक जमिनीवर असतानाच, ब्रेक दाबून, मधले ॲक्सल नट सैल करा. नटाची कड खाचेत ठोकलेली असते, ती आधी उघडा.
२. गाडी उचलून स्टँडवर घ्या. कॅलिपर काढल्यावर तारेने टांगा. ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका.
३. एबीएस सेन्सर गंजून चिकटलेला असतो. गंज सोडवणारे तेल मारून थांबा. पक्कडीने पिळला तर तो तुटेल.
४. ड्राइव्ह शाफ्ट पुलरने मागे ढकला. उघड्या आट्यांवर हातोडा मारू नका. शाफ्ट बाहेर आल्यावर त्याला आधार द्या. लटकला तर आतला जॉइंट निखळू शकतो.
५. बोल्टचा हब असेल तर मागचे बोल्ट काढून हब सोडवा, बसण्याची जागा गंजमुक्त करा आणि नवा हब लावा.
६. दाबून बसवलेले बेअरिंग असेल तर नकल काढण्यापूर्वी ॲलाइनमेंटच्या बोल्टांची जागा रंगाने खूण करून ठेवा. प्रेसवर आधी हब काढा, मग सर्क्लिप, मग बेअरिंग.
७. नवे बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर केवळ बाहेरच्या रिंगवर यायला हवा. हब दाबताना आतल्या रिंगला खालून आधार हवा. जोर चुकीच्या रिंगवर पडला तर तो गोळ्यांमधून जातो, त्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात आणि नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करू लागते. हातोड्याने ठोकून बसवलेल्या बेअरिंगचेही हेच होते.
८. एबीएसच्या अनेक बेअरिंगमध्ये एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय कडे असते. ती बाजू सेन्सरकडे यायला हवी. उलटे बसले तर दिवा विझणार नाही आणि बेअरिंग पुन्हा काढावे लागेल. हे कडे चुंबकाजवळ किंवा लोखंडी चुऱ्यात ठेवू नका.
९. नवे ॲक्सल नट टॉर्क रेंचने आवळा. अनेक गाड्यांत हा आकडा २०० न्यूटन-मीटरच्या वर असतो. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. नट पूर्ण आवळेपर्यंत चाकावर गाडीचा भार देऊ नका.
१०. सस्पेन्शनच्या बुशांचे बोल्ट गाडी नेहमीच्या उंचीवर आल्यावर शेवटचे आवळा. चाक हवेत लटकत असताना आवळले तर रबर पिळलेले राहते आणि लवकर फाटते. नकल काढला असेल तर ॲलाइनमेंट तपासून घ्या.

सलग धुरा: वेगळे काय?

चाक आणि ड्रम काढल्यावर बॅक प्लेटचे नट सोडले की बहुतेक गाड्यांत ॲक्सल बेअरिंगसकट बाहेर ओढता येतो. बेअरिंग धरून ठेवणारी कॉलर ग्राइंडरने खाच पाडून छिन्नीने फोडावी लागते. दांड्याला ओरखडा जाऊ देऊ नका. गॅसच्या ज्योतीने ॲक्सल लालबुंद करणारा कारागीर दिसला तर काम तिथेच थांबवा, कारण पोलादाची मजबुती त्या उष्णतेने कमी होते.

नवे बेअरिंग दाबण्यापूर्वी रिटेनर प्लेट दांड्यावर चढवली आहे ना, हे डोळ्यांनी बघा. ती राहिली तर नवे बेअरिंग आणि कॉलर दोन्ही पुन्हा फोडावे लागतात. हाऊसिंगमधले सील नवे घाला. जुने सील गळून ब्रेक लायनर तेलाने भिजले असतील तर तेही बदला. धुऊन वापरलेल्या लायनरवर ब्रेकचा भरवसा धरता येत नाही. काही जुन्या जीपमध्ये टेपर बेअरिंग आणि शिम असतात. काढलेल्या शिम बाजूवार जपून ठेवा आणि प्ले मोजूनच परत लावा. शेवटी डिफरन्शियल तेलाची पातळी पुस्तिकेप्रमाणे भरा.

नाल्याच्या पाण्याचा हिशेब

लांब पल्ला मारून तापलेले हब थंड पाण्यात शिरले की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. ग्रीस खराब होते, गंज धरतो, आणि आवाज काही आठवड्यांनी सुरू होतो. म्हणून नाला ओलांडण्यापूर्वी थोडे थांबून चाके निवू द्या. हब बुडेल इतक्या पाण्यातून गेल्यावर डिफरन्शियल तेल तपासा. ते दुधाळ दिसले तर पाणी आत गेले आहे. तेल बदला आणि ब्रीदरची नळी मोकळी आहे का बघा. धुलाईच्या वेळी प्रेशरचा झोत हबच्या सीलवर जवळून मारू देऊ नका.

नाल्यावरून वेगाने पाणी वाहत असेल तर फोर-बाय-फोर गाडीही त्यात घालू नका.

बिल, वॉरंटी आणि तुमचे हक्क

- बिल मागा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे वस्तू किंवा सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर भाग क्रमांक, कंपनीचे नाव, मजुरी आणि किलोमीटरची नोंद वेगवेगळी लिहून घ्या.
- जुना भाग परत मागा. काम सुरू होण्यापूर्वीच तसे सांगा. बेअरिंग खरोखर बदलले का आणि ते कशाने गेले, दोन्ही त्यावरून कळते.
- सदोष माल परत करता येतो. बिलावर मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीदेखील कायद्याने अनुचित प्रथा आहे.
- वॉरंटी नाकारली तर कारण लेखी घ्या. 'पाण्यात घातली' एवढ्या तोंडी उत्तरावर माघारी फिरू नका.
- बाहेर काम केले म्हणून वॉरंटी संपली? भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेरच्या गॅरेजात काम केल्याच्या सरसकट कारणाने वॉरंटी रद्द करू नये, सदोष कामामुळे झालेल्या नुकसानापुरतीच ती नाकारता येईल, असे त्या आदेशात म्हटले होते. कंपन्यांनी आदेशाला आव्हान दिले, म्हणून वॉरंटीतल्या गाडीचे काम बाहेर करण्यापूर्वी वॉरंटी पुस्तिकेतली अट वाचून घ्या.
- तक्रार कुठे? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मराठी आणि तेलुगूतही बोलता येते. तिथे प्रश्न सुटला नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. माल किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. दुकान चंद्रपूरचे आणि ग्राहक बेज्जूरचा असला तरी चंद्रपूरला खेटे घालण्याची सक्ती नाही.
- जीप चालवून पोट भरणाऱ्यांनाही हे संरक्षण आहे, मात्र गाडी स्वयंरोजगारातून उदरनिर्वाहासाठीच वापरली जात असावी.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी

मेकॅनिकला शेजारी बसवून, जिथे आवाज येत होता त्याच वेगाला गाडी चालवा. दोन्ही बाजूंना हलके वळण द्या, ब्रेक मारून बघा, एबीएसचा दिवा विझला आहे याची खात्री करा. परत आल्यावर दोन्ही मागच्या हबची उष्णता हात जवळ नेऊन ताडून पाहा. नवी बाजू जास्त तापत असेल तर गाडी तिथेच सोडा. शंभरेक किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा आवळा.

बदललेल्या बेअरिंगचा भाग क्रमांक, बाजू, तारीख आणि किलोमीटर गाडीच्या पुस्तिकेत लिहून ठेवा आणि बिल त्याच पुस्तिकेत जपा. मागच्या चाकात प्ले सापडला असेल तर मात्र शेतातले काम, लग्न, बाजार काहीही असो, ती गाडी माणसे बसवून रस्त्यावर काढू नका.